ज्युनियर हॉकीला टीव्हीसमोर गर्दी, मैदानावर का नाही?

2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नई आणि मदुराईत मुलांचा ज्युनियर वर्ल्ड कप झाला. त्यानंतर या सदराकडे हॉकीविषयी बरीच पत्रे आली. कुणाला कारण हवे होते, कुणाला उपाय. निवडक पत्रे थोडक्यात आणि उत्तरे सविस्तर देत आहोत.

डिसेंबरात बाजारातल्या भाजीपावच्या हॉटेलात भारत-अर्जेंटिना ज्युनियर सामना लागला होता, तेव्हा बसायला जागा नव्हती. पंधरा दिवसांनी आमच्याच तालुक्यातल्या मुलांचा सामना मैदानावर झाला, तिथे खेळाडूंच्या आई-वडिलांशिवाय कोणी नव्हते. खेळ तोच, वयही जवळपास तेच. मग असे का होते?
(एक वाचक, म्हापसा)

तुम्ही पाहिलात तो कांस्यपदकाचा सामना. भारत 0-2 असा मागे होता आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत चार गोल करून 4-2 ने जिंकला. असा सामना कुणालाही धरून ठेवील. पण चार गोल होणार हे आधी कुणाला ठाऊक नव्हते, तरी हॉटेल पहिल्यापासून भरलेले होते. लोक आले ते गोलांआधी, म्हणून कारणही गोलांआधीच शोधायला हवे.

आत शिरणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी न सांगता कळत होत्या: आपला संघ कुठला, जिंकल्यावर काय मिळणार आणि सामना किती वाजता. तालुक्याच्या सामन्यात यातली एकही गोष्ट खेळाडूंच्या घराबाहेर कुणाला माहीत नसते.

पहिली गोष्ट आपलेपणाची. भारताचा शर्ट दिसला की ओळख करून द्यावी लागत नाही, अकरापैकी एकाचेही नाव माहीत नसले तरी चालते. स्थानिक हॉकीत संघांची नावे बहुधा एखाद्या क्लबची, नाहीतर ‘अ’ आणि ‘ब’ अशी असतात. बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाने ‘ब’ संघाला आपला का म्हणावे? भातकापणीनंतर शेतात होणाऱ्या गावच्या फुटबॉल स्पर्धा आठवा. तिथे बांधावर उभे राहायला जागा मिळत नाही, कारण एका बाजूला आपला वाडा असतो आणि दुसऱ्या बाजूला पलीकडचा.

दुसरी गोष्ट पणाला काय लागले आहे याची. ज्युनियर वर्ल्ड कप 21 वर्षांखालील मुलांचा. पूर्वी तो साधारण चार वर्षांनी होई, 2021 पासून दोन वर्षांनी होतो. एका मुलाच्या वाट्याला तो एकदा, फार तर दोनदा येतो. हरला की संपले, हे पाहणाऱ्यालाही कळते. स्थानिक सामन्यातही काहीतरी पणाला लागलेले असते, फक्त ते कुणी सांगत नाही. राज्य संघाची निवड बहुधा याच सामन्यांतून होते. हॉकी इंडियाने राष्ट्रीय स्पर्धांसाठी आता राज्यांचे अ, ब, क असे गट केले आहेत आणि कामगिरीप्रमाणे राज्य वर चढते किंवा खाली उतरते. म्हणजे म्हापशातला बचावपटू या महिन्यात किती तयार होतो, यावर पुढच्या वर्षी गोवा कुठल्या गटात असेल हे थोडेफार ठरते. ही गोष्ट ध्वनिक्षेपकावरून एकदा सांगितली तरी सामन्याकडे पाहण्याची नजर बदलते.

तिसरी गोष्ट वेळेची. तिच्याविषयी पुढे वास्कोच्या पत्रात येईलच.

चौथे एक कारण आहे, ते निव्वळ हॉकीचे. हा खेळ मैदानाच्या कडेला उभे राहून पाहायला अवघड आहे. चेंडू जेमतेम सात सेंटिमीटर व्यासाचा, वजन 156 ते 163 ग्रॅम. कडेच्या माणसाला तो पायांच्या आणि काठ्यांच्या आड दिसतच नाही. शिट्टी सारखी वाजते: पाय लागला, काठीची पाठ लागली, अंगाने अडवले. नवख्याला यातले काहीच उमजत नाही. टीव्हीवर कॅमेरा उंचावर असतो, चेंडू पुन्हा दाखवतात, समालोचक कारण सांगतो. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये निळे टर्फ (कृत्रिम मैदान) आणि पिवळा चेंडू आणला गेला, तोही पडद्यावर चेंडू नीट दिसावा म्हणून. नंतर सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत विभागला गेला. पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्याच्या चुकीबद्दल गोलासमोर मिळणारी संधी) मिळाला की आंतरराष्ट्रीय सामन्यात घड्याळ 40 सेकंद थांबते, तेवढ्या वेळात समालोचकाला चढाई समजावून सांगता येते. आंतरराष्ट्रीय हॉकी प्रेक्षकासाठी अशी पायरी-पायरीने सोपी करत आणली आहे. स्थानिक सामना मात्र अजून फक्त खेळणाऱ्यांसाठी भरतो.

स्थानिक म्हणून लोक येत नाहीत, हे आम्हाला मान्य नाही. पणजीला कला अकादमीत कसलेल्या मंडळींची नाटके होतात, तरी गावच्या जत्रेत आपल्याच पोरांचे नाटक पाहायला सगळा गाव पहाटेपर्यंत बसतो. संवाद चुकतात, पडदा अडकतो, तरी कोणी उठत नाही. त्या नाटकाला तिथी ठरलेली आहे, रंगमंचावरचा चेहरा ओळखीचा आहे आणि ते वर्षातून एकदाच आहे. हॉकीच्या सामन्याला या तिन्हींपैकी दोन गोष्टी दिल्या तरी फरक दिसेल.

आंतरराष्ट्रीय मुलांच्या खेळाचा दर्जा कितीतरी वरचा असतो, म्हणून लोक तो पाहतात. एवढे साधे उत्तर पुरे नाही का?
(एक वाचक, डिचोली)

दर्जात फरक आहेच. चेंडू पहिल्याच स्पर्शात काठीला चिकटतो, पास डोळ्यांना चुकवून जातो, ड्रॅग फ्लिक, म्हणजे काठीवर ओढून फेकलेला चेंडू, गोलरक्षकाच्या खांद्यावरून आत जातो. पण नुसता दर्जा गर्दी ओढत असता तर त्याच स्पर्धेचा अंतिम सामना भारताच्या सामन्याहून जास्त पाहिला गेला असता. तो जर्मनी आणि स्पेन यांच्यात झाला, 1-1 बरोबरीनंतर शूटआउटवर गेला आणि जर्मनीने जिंकला. भारताने कांस्य घेतले त्याच दिवशी. उपांत्य फेरीत याच जर्मनीने आपल्याला 5-1 असे हरवले होते. ओळखीच्या पाच जणांना विचारा, हा अंतिम सामना किती जणांनी पाहिला.

दर्जापेक्षा जास्त ओढ असते ती पुढे काय होईल याची. 2016 मध्ये लखनौला भारताने बेल्जियमला 2-1 हरवून ज्युनियर वर्ल्ड कप जिंकला. दोन्ही गोल करणारे गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यविजेत्या संघात होते. सिमरनजीतने तर जर्मनीविरुद्ध 5-4 ने जिंकलेल्या कांस्यपदकाच्या सामन्यात दोन गोल केले. लखनौच्या त्याच संघातले हरमनप्रीत आणि मनदीपही टोकियोत होते. ज्याने ही मुले 2016 साली पाहिली, त्याला टोकियोचा सामना वेगळाच लागला असणार.

माझी बहीण कॅनडात मिसिसागाला असते. तिच्याकडे नाताळापासून नव्या वर्षापर्यंत घरोघरी विशीच्या आतल्या मुलांची आइस हॉकी पाहतात, पण त्याच मुलांच्या शहरातल्या सामन्यांचे कुणी नावही काढत नाही, असे ती सांगते. तिकडेही आपल्यासारखेच आहे का?
(एक वाचिका, फोंडा)

आहे, आणि तिकडचे उदाहरण जास्त बोलके आहे, कारण तिकडे स्थानिक ज्युनियर हॉकी मुळीच कमकुवत नाही. कॅनडात ज्युनियर खेळाडूंच्या तीन मोठ्या लीग आहेत. ओंटारिओ आणि पश्चिमेकडच्या लीगमध्ये एकेक संघ हंगामात 68 साखळी सामने खेळतो. लहान शहरांत त्या सामन्यांना नेमाने जाणारे लोक आहेत. पण 68 पैकी एक सामना चुकला तर काय बिघडले, असे वाटणारच. जागतिक ज्युनियर स्पर्धेत दहाच देश असतात. ती 26 डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. शाळांना सुट्टी, बाहेर बर्फ, सगळे घरात. व्यावसायिक लीगही नाताळात दोन-तीन दिवस थांबते. टीएसएन ही एकच वाहिनी 1991 पासून ही स्पर्धा दाखवते आहे. तिकडच्या घरांत ती नाताळच्या केकसारखीच झाली आहे.

तिथी किती महत्त्वाची, हे 2022 मध्ये दिसले. एडमंटनला चालू झालेली स्पर्धा कोविडमुळे 29 डिसेंबर 2021 ला थांबवावी लागली आणि नव्याने ऑगस्टमध्ये खेळवली गेली. शहर तेच, देशही जवळपास तेच (रशियाच्या जागी फक्त लाटव्हिया), कॅनडाने सुवर्णही जिंकले, तरी बहुतेक सामन्यांना खुर्च्या रिकाम्या होत्या. कॅनडाच्या हॉकी संघटनेवर त्या काळात लोकांचा मोठा रोष होता, हेही एक कारण. पण उन्हाळ्यात आइस हॉकी पाहण्याची सवयच कुणाला नव्हती. आपल्याकडे चवथीचे भजन कुणी वैशाखात ठेवले तर जे होईल, तेच तिथे झाले.

आमचा क्लब दर वर्षी 17 वर्षांखालील मुलांची स्पर्धा भरवतो. खर्च होतो, मेहनत होते, प्रेक्षक येत नाहीत. नेमके काय बदलावे?
(क्लबचे एक पदाधिकारी, वास्को)

आधी तारीख. दर वर्षी तोच आठवडा ठरवून टाका, म्हणजे ‘डिसेंबरचा दुसरा शनिवार-रविवार’ असे लोकांच्या तोंडी बसेल. पावसाळा, चवथ, दिवाळी, शिगमो, दहावीची परीक्षा टाळा. जवळच्या गावांची फेस्ते आणि जत्रा कॅलेंडरवर लाल खुणा करून घ्या, कारण त्या दिवशी तुमचे प्रेक्षक, पंच आणि अर्धे खेळाडूही तिकडे असतील. तीन वर्षे तारीख हलवू नका. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून बदलली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग वेळ. दुपारी दोनला सामना ठेवला तर किनाऱ्यावरच्या दमट उन्हात आई-वडीलसुद्धा गाडीत बसून राहतात. साखळी सामने सकाळी साडेसात ते साडेदहा आणि दुपारी साडेतीननंतर घ्या. एका सामन्याला मधल्या सुट्ट्या आणि थांबे धरून 80 ते 90 मिनिटे लागतात. दोन सामन्यांमध्ये किमान पंधरा मिनिटे मोकळी ठेवा, नाहीतर तिसऱ्या सामन्यापर्यंत वेळापत्रक तासभर मागे जाते आणि फक्त आपल्या भाच्याला पाहायला आलेला माणूस निघून जातो. अंतिम सामना रविवारी पाचला. प्रकाशझोतात खेळवायचा असेल तरी साडेसातच्या आत संपवा. गावाकडची शेवटची बस चुकणार असे दिसले की लोक तिसऱ्या पंधरा मिनिटांतच उठतात.

पाहुण्यांसाठी सामना थांबवू नका. हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटे उशिरा येतात, मुले गरम केलेले अंग घेऊन उभी राहतात, प्रेक्षक जांभया देतात आणि शेवटी सामना अंधारात संपतो. पाहुणे मधल्या सुट्टीत खेळाडूंना भेटतील, हे निमंत्रणातच लिहा. भाषणे बक्षीस समारंभात, एकूण दहा मिनिटे.

संघांना गावांची, वाड्यांची नावे द्या. क्लबचे नाव ठेवायचेच असेल तर त्यापुढे गाव लिहा. प्रत्येक सामन्यासाठी एका पानाचा कागद काढा: दोन्ही संघ, शर्टाचा नंबर, खेळाडूचे नाव, गाव, जागा. खाली सोप्या मराठीत किंवा कोकणीत पाच नियम. शंभर प्रती काढायला फार खर्च येत नाही, आणि त्याच पानाचा फोटो आदल्या संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकता येतो. आपल्या वाड्यावरचा नऊ नंबर कोण, हे कळले की माणूस त्याच्याकडेच पाहतो, आणि एकदा पाहू लागला की थांबतो.

बसण्याची सोय मैदानाच्या पश्चिमेला करा, म्हणजे संध्याकाळचे ऊन पाठीवर राहते. समोर उन्हाची तिरीप असली तर हॉकीचा चेंडू दिसत नाही. तीन-चार पायऱ्यांची उंची मिळाली तर फारच छान, भाड्याचे लाकडी मंचही चालतात, मात्र ते हलत नाहीत ना हे आधी माणसे चढवून पाहा. गोलपोस्टच्या मागे कुणालाही बसू देऊ नका. ड्रॅग फ्लिक चुकला की चेंडू सरळ तिकडेच येतो, आणि तो क्रिकेटच्या चेंडूइतकाच कठीण व जड असतो. मागची जाळी फाटलेली असेल तर सामन्याआधी शिवून घ्या. सावली, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय नसेल तर कुटुंबे येणार नाहीत, आली तरी अर्ध्या तासात जातील. चहा आणि भजी दोन्ही दिवशी हवीत. ती एखाद्या महिला स्वयंसहाय्य गटाकडे सोपवलीत तर त्यांची घरची मंडळीही येतात.

एक ध्वनिक्षेपक आणि खेळ जाणणारा एक माणूस बसवा. त्याने सतत बोलू नये. शिट्टी वाजली की एक वाक्य: “पाय लागला, चेंडू पलीकडे.” पेनल्टी कॉर्नर मिळाला की दोन वाक्ये. गोल झाला की नंबर, नाव, गाव. पंचाच्या निर्णयावर मत देऊ नये, मुले ते ऐकतात आणि पंचाशी हुज्जत घालू लागतात. गुणफलक मोठा हवा, वेळ दाखवणारा हवा. किती मिनिटे उरली हे प्रेक्षकाला कळले नाही तर शेवटची पाच मिनिटेही पहिल्या पाचांसारखीच वाटतात.

आम्ही सामने यूट्यूबवर थेट दाखवतो. पाहणारे मोजकेच असतात आणि तेही लगेच निघून जातात. कुठे चुकते?
(एक प्रशिक्षक, मडगाव)

बहुतेक चूक कॅमेऱ्याच्या जागेत असते. फोन तिपाईवर, कमरेएवढ्या उंचीवर, साइडलाइनला लागून, असे केले की पडद्यावर फक्त पाठी दिसतात. मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असते, आणि चेंडू सात सेंटिमीटरचा. कॅमेरा मध्यरेषेच्या सरळ रेषेत, साइडलाइनपासून काही मीटर मागे आणि जमिनीपासून चार ते पाच मीटर उंच हवा. गॅलरीची वरची पायरी किंवा बांधकामाचा घट्ट बांधलेला पहाड चालेल. पहाडावर कॅमेरावाल्याशिवाय कुणी चढू नये, नाहीतर चित्र हलते. तारेच्या कुंपणाच्या आत या. कुंपणातून चित्र घेतले तर फोन चेंडू सोडून तारेवर फोकस धरतो. संध्याकाळी कॅमेराही पश्चिमेलाच ठेवा.

चौकटीत साधारण अर्धे मैदान ठेवा आणि चेंडूबरोबर सावकाश वळा. झटक्याने वळवलेले चित्र मोबाइलवर फुटते. फोकस आणि उजेड एकदा ठरवून कुलूपबंद करा, नाहीतर ढग आला की चित्र कधी पांढरे, कधी काळे होते. पेनल्टी कॉर्नरला तेवढे जवळ जा.

इंटरनेटचे गणित साधे आहे. 720 पिक्सेलच्या चित्राला सेकंदाला सुमारे 4 मेगाबिट लागतात. जागेवर वर पाठवण्याचा वेग त्याच्या दुप्पट, म्हणजे 8 तरी असावा. तो सामन्याच्या वेळीच मोजा. सकाळी रिकाम्या मैदानावर मिळालेला वेग संध्याकाळी गर्दीत मिळत नाही. 90 मिनिटांच्या सामन्याला अडीच ते पावणेतीन जीबी डेटा जातो, दिवसाच्या मर्यादेचे रिचार्ज दुसऱ्याच सामन्यात संपते. चित्र एका फोनवर आणि इंटरनेट दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्या, दोन्हींवर येणारे कॉल बंद करा. कॉल आला की प्रक्षेपण तुटते आणि तुटले की निम्मे लोक परत येत नाहीत. फोन उन्हात तापून बंद पडतो, म्हणून कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, वर छत्री बांधा. 20,000 एमएएचची पॉवर बँक जोडलेली ठेवा.

नव्या वाहिनीवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करायला यूट्यूब 24 तासांपर्यंत वेळ घेते, आणि मोबाइलवरून थेट दाखवायला किमान 50 सदस्य लागतात. सामन्याच्या दिवशी सकाळी हे लक्षात येऊन डोक्याला हात लावणारे क्लब कमी नाहीत. आठवडाभर आधी दहा मिनिटांचे चाचणी प्रक्षेपण करून पाहा.

आवाज चित्राइतकाच महत्त्वाचा. फोनच्या माइकवर वारा धडधडतो, दोन मिनिटांत कान किटतात. कॉलरला लावायचा तारेचा माइक आणि त्यावर स्पंजची टोपी घ्या. समालोचक दोन ठेवा, एक खेळ सांगणारा आणि एक मुलांना ओळखणारा. घरी बोलतात तशी मराठी-कोकणी चालेल, उलट तीच हवी. आखातात बसलेल्या काकाला आपल्या पुतण्याचे नाव आपल्या बोलीत ऐकू आले तर तो दुवा घरच्या सगळ्यांना पाठवतो.

शीर्षकात ‘मॅच 3 लाइव्ह’ लिहू नका. दोन्ही गावांची नावे, वयोगट आणि वेळ लिहा. दुवा आदल्या रात्री आणि सामन्याच्या पंधरा मिनिटे आधी, असा दोनदा पाठवा. गोलाचे तीस-चाळीस सेकंद कापून दहा मिनिटांच्या आत स्टेटसवर आले पाहिजेत. पूर्ण सामना पाहणारे थोडेच असतील, गोल पाहणारे पुष्कळ, आणि त्यातलेच काही जण पुढच्या वेळी मैदानावर येतात. मुले अल्पवयीन आहेत, म्हणून पालकांची लेखी संमती घ्या. नाव आणि गाव पुरे, शाळा, घरचा पत्ता किंवा सरावाची वेळ कधीही टाकू नका.

मोठी स्पर्धा गोव्यात आणली की स्थानिक खेळाला आपोआप प्रेक्षक मिळतात, असे म्हणतात. हे खरे आहे का?
(एक वाचक, पणजी)

आपोआप नाही. 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप भारतात झाला. देशभर मिळून 13 लाख 47 हजारांहून जास्त प्रेक्षक मैदानांवर आले, त्या स्पर्धेच्या इतिहासातले सर्वाधिक. फातोर्ड्याला इराणने जर्मनीला 4-0 हरवले, त्याची चर्चा मडगावात कितीतरी दिवस चालली. 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा हॉकीचे सामने म्हापशाला पेडेच्या टर्फवर झाले. अशा दिवसांत नवीन माणूस पहिल्यांदा मैदान पाहतो. बाहेर पडताना त्याच्या हातात पुढच्या सामन्याची तारीख दिली नाही, तर तो परत येत नाही. हा पुढचा सामना दोन-तीन आठवड्यांत, त्याच मैदानावर हवा. सहा महिन्यांनी ठेवलात तर काही उपयोग नाही. प्रवेशाजवळ कागद घेऊन दोन मुले उभी केली तरी हे काम होते, पण मोठ्या स्पर्धेच्या गडबडीत नेमके हेच राहून जाते.

स्थानिक सामन्याला तिकीट ठेवावे का? वीस रुपये ठेवले तर लोकांना किंमत कळेल, असे आमच्या समितीत काहींचे म्हणणे आहे.
(एक वाचक, पेडणे)

ठेवू नका. चेन्नई-मदुराईच्या वर्ल्ड कपलासुद्धा प्रवेश मोफत होता, फक्त आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागे. त्या नोंदणीतून घेण्यासारखे एक आहे: मोफत पास आधी वाटा आणि त्यावर तारीख, वेळ, संघ छापा. खिशात पास असला की माणसाला सामना आठवतो. पैसे चहाच्या टेबलावर आणि जाहिरातीच्या फलकांवर मिळवा.

गोव्यात हॉकीची परंपराच नाही, मग लोक का येतील, असा प्रश्न नेहमी ऐकतो. यावर काय सांगावे?
(एक निवृत्त शिक्षक, रायबंदर)

नावे सांगावीत. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने पहिले हॉकी सुवर्ण जिंकले, त्या संघातला गोलरक्षक लिओ पिंटो गोमंतकीय वंशाचा. केनियाच्या ऑलिंपिक संघांत आलू मेंडोन्सा, हिलरी फर्नांडिस, सिल्वेस्टर फर्नांडिस असे गोमंतकीय कितीतरी वर्षे खेळले. नैरोबी आणि मुंबईतल्या गोमंतकीयांनी हॉकी आपलीशी केली होती. गोव्यात राहिलेल्यांनी फुटबॉल धरला, आणि तोच राज्याचा खेळ ठरला. ही नावे स्पर्धेच्या चषकांना द्या, कागदावर चार ओळींत त्यांची माहिती छापा. कुठल्या तरी गावात त्यांचे घर, नातलग, वाडा असेलच, तिथे निमंत्रण घेऊन जा.

माझा मुलगा 14 वर्षांखालील संघात खेळतो. शेजाऱ्यांना सामन्याला न्यायचे आहे, पण त्यांना हॉकीतले काहीच कळत नाही. त्यांना काय दाखवू?
(एक आई, साखळी)

सगळे नियम सांगत बसू नका. पहिल्या सामन्यात फक्त पेनल्टी कॉर्नर दाखवा. गोलासमोर अर्धवर्तुळासारखी रेषा असते, तिला डी म्हणतात. गोलपासून 14.63 मीटरवर. गोल मोजायचा तर चढाई करणाऱ्याची काठी या डीच्या आत चेंडूला लागलेली असावी लागते. बचाव करणाऱ्याने डीमध्ये चूक केली की कॉर्नर मिळतो.

मग त्यांना मोजायला सांगा. बचावाचे पाचच जण गोलरेषेच्या मागे उभे राहतात, गोलरक्षक धरून. बाकीचे मध्यरेषेपलीकडे पळतात. चढाईचा एक खेळाडू गोलपोस्टपासून दहा मीटरवर, मागच्या रेषेवर चेंडू ठेवून वाकतो. तो चेंडू बाहेर ढकलतो त्या क्षणी पाचही जण गोलातून बाहेर धावतात. चेंडू आधी डीच्या बाहेर जायला हवा, मग परत आत आणून मारायचा. सरळ फटका असेल तर चेंडू गोलच्या फळीइतकाच, म्हणजे 46 सेंटिमीटरपर्यंतच वर असावा. काठीवर ओढून फेकला तर त्याहून वर जाऊ शकतो, मात्र धोकादायक नसावा. गोलातून सर्वांत आधी धावत बाहेर येणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा का असतो, हे त्यांना तेव्हाच कळेल.

हे सगळे चार-पाच सेकंदांत होते, म्हणून उभे कुठे राहायचे तेही सांगा: साइडलाइनच्या बाहेर, 23 मीटरच्या रेषेजवळ, शक्य असेल तर पायरीवर. तिथून चेंडू बाहेर येताना आणि परत आत जाताना दोन्ही दिसतो. पहिला कॉर्नर कळणार नाही. दुसऱ्याला ते चेंडू ढकलणाऱ्या मुलाकडे पाहतील. तिसऱ्याला ‘तुझा मुलगा यात कुठे उभा असतो’ असे विचारतील, तेव्हा त्याचा नंबर सांगा.